रंजक पेटली, बार झाला नाही

दसरा, दिवेलागण

शिलंगणाला पहिला बार आमच्या चकमकीच्या बंदुकीचा. आज आबांनी चाप ओढला; बंदुकीच्या कानातली रंजक, म्हणजे ठिणगी झेलणारी चिमूटभर काळी दारू, भक्कन पेटली, नळीतली दारू तशीच राहिली. जुनी काळी दारू सादळली असेल या भीतीनं मीच नळीत दुकानातली, नव्या बंदुकांची करडी दारू भरली होती. चकमकीच्या बंदुकीला नळीतही काळीच लागते, हे आबांनी मला शाळेत जायच्या आधीच शिकवलेलं.

"आबा, म्हातारे झाले की तुमी!" सरपंच म्हणाले. सगळे माझ्या बापाला हसले.

"हात कापतोय माझा. पुढल्या साली दुसऱ्यानं उडवावा," आबा म्हणाले.

मी बोलले का नाही?

घरी आबांनी नळी रिकामी केली, करडी दारू तळहातावर पाहिली आणि झटकली.

आत्ता जुनी काळी दारू बघून आले. कोरडी आहे.