आधी आपल्या बोलीत

चारठाणा,
पौष वद्य पंचमी, १३५२ फसली

प्रिय बन्सीधर यास भुजंगचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. हरभरा घाट्यांवर आला आहे, थंडी बेताची आहे. परभणीला मास्तरांना शिकवण्याची नि शाळा तपासण्याची जागा तुला मिळाल्याचे कळले. अभिनंदनाला उशीर झाला, लेखणी उचलवेना. कमल मात्र विचारते, "बन्सीधरभावजी कधी येणार?" मी विषय बदलतो.

श्रावणात तू आलास तेव्हा तिने धपाटे केले होते, आठवते? दुपारभर तू माझ्या वर्गात बसलास. उर्दूचा सबक पोरांनी आधी आपल्या बोलीत एकमेकांना सांगायचा, मग तोच उर्दूत मांडायचा, ही माझी रीत तू पाहिलीस. मुंजाजीने विहीर कशी खणतात ते दोन्ही भाषांत सांगितले, तेव्हा तू मांडीवर थाप मारलीस. म्हणालास, "भुजंग, हे साऱ्या मास्तरांना दाखवायला पायजे. पोरं घेऊन परभणीला ये."

मी बैलगाडीत पोरे घालून आणली. आयांनी सदरे धुऊन दिले होते, डोकी तेलाने चोपडली होती.

आणि शाळाखात्याचे साहेब नि सगळे मास्तर समोर बसल्यावर तू पोरांना काय म्हणालास? "मराठीचं एक अक्षर काढायचं न्हाई. थेट उर्दूत सांगा." पोरे गप्प. मुंजाजी माझ्याकडे पाहत राहिला. मग तू सभेकडे वळून म्हणालास, "वर्गात घरची बोली चालू दिली की असं होतं." सगळे हसले. माझीच पोरे उभी करून तू मला खोटे पाडलेस आणि ही जागा मिळवलीस. अरे दगाबाजा, मागितली असतीस तर ती रीत मी तुझ्या नावावर करून दिली असती!

मुंजाजी तेव्हापासून शाळेत येत नाही. त्याची आई दगडाबाई मला म्हणाली, "मास्तर, हसू करायला नेलं व्हतं व्हय आमच्या पोराला?"

आपण मास्तरकी शिकत होतो तेव्हा उर्दूत नापास होऊन तू गाठोडे बांधले होतेस. ते मी सोडायला लावले. रोज तू मला सबक आधी मराठीत सांगायचास, मग उर्दूत. तसाच पास झालास. त्या सभेत हे तुला आठवले नाही, की आठवले म्हणूनच भ्यालास?

आता हुकूम आला आहे: वर्गात मराठी बंद, नाहीतर नोकरी जाईल. काल मी वर्ग तसाच घेतला. उद्याही घेईन. तुझ्यापासून लपवून काय करू? पुढच्या आठवड्यात तपासायला तूच येणार आहेस.

ये. वर्ग उघडा आहे. पण आधी दगडाबाईच्या दारी जा आणि तू काय केलेस ते मुंजाजीला आपल्या बोलीत सांग. तोवर माझ्या घरी जेवायला येऊ नकोस. कमलला मी आज सगळे सांगितले आहे.

तुझा पहिला मास्तर,
भुजंग