चुन्याचा डेक

सोमवार, ५ फेब्रुवारी १९४५

आज स्वारी नोकरीवर रुजू झाली! संस्थानच्या सरकारी पंचांगात फरवरदी महिना चालू आहे, पण आमच्या नव्या हॅरॉप साहेबाला ते महिने कळत नाहीत, म्हणून ही वही त्याच्याच तारखांनी लिहायची. 'सिद्धराम, तुला आरमारात चाकरी लागेल,' असं लातुरात कुणी म्हटलं असतं तर मी त्यालाच वैद्याकडे नेला असता. समुद्र मी पाहिलेला नाही, आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलेला नाही. तरी मी आज इंग्रजी आरमाराचा मुनशी आहे, आणि ते आरमार औशापासून तीन मैलांवर, माझ्या सासऱ्यांच्या काळ्या रानात आहे.

भानगड अशी. समुद्रावर म्हणे एवढाली जहाजं आहेत की त्यांच्या सपाट पाठीवर विमानं उतरतात. त्या पाठीला डेक म्हणतात. नवशिक्या वैमानिकाला एकदम तिथे पाठवलं तर विमानही बुडायचं आणि तोही. म्हणून आधी जमिनीवर डेकच्या मापाचा पट्टा चुन्याने आखून सराव करायचा. सरकारने त्यासाठी सासऱ्यांचं रान घेतलं आणि बदल्यात जावयाला चिकटवलं. रोज रेघा उजळवून घेणं आणि साहेबाचं बोलणं मजुरांना मराठीत सांगणं, एवढंच माझं काम.

राहायला मळ्यातच, कारण गुरम्मा पहिल्या बाळंतपणाला इथे माहेरी आहे. आठवा लागलाय. लातूरचे दोस्त मला घरजावई म्हणून चिडवतील. चिडवोत बापडे. भाकरी तव्यावरची मिळते आणि बायको डोळ्यांसमोर असते, आणखी काय हवं?

बुधवार, १४ फेब्रुवारी

हॅरॉप साहेबाचं काम पाहून मी चाटच पडलो. डेकच्या टोकाला डाव्या कोपऱ्यात तो दोन्ही हातांत पिवळ्या फळ्या धरून उभा राहतो. वैमानिकाने जमिनीकडे बघायचंच नाही, साहेबाच्या हातांकडे बघायचं. हात खांद्यांच्या रेषेत सरळ आडवे धरले की 'बरोबर आहे, ये'. डोक्यावर फुली केली की 'उतरू नको, परत फीर'. साहेब सांगतो, खवळलेल्या समुद्रात जहाजाचं टोक लिंबाच्या झाडाएवढं वर जातं आणि तेवढंच खाली येतं. अशा वेळी वैमानिकाचा जीव त्या दोन फळ्यांत असतो. साहेबाने मलाही खुणा शिकवल्या. माझे हात त्याच्यापेक्षा सरळ राहतात, हे त्याने स्वतः कबूल केलं!

सासऱ्यांना मात्र काहीच पटत नाही. वीरण्णांचा हा स्वभावच आहे. दुसऱ्याने मारलेली गाठ सोडून स्वतः पुन्हा मारल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. आज त्यांनी चुन्याची रेघ पाहिली आणि म्हणाले, "वाकडी हाय. म्या आसतो तर दोरी धरली आसती."

शनिवार, २४ फेब्रुवारी

पहिली तुकडी मागच्या आठवड्यात दक्षिणेच्या समुद्रात जहाजावर गेली. आज तार आली. तीन दिवस वादळ होतं, सहा विमानं परतून डेकपर्यंत आली आणि एकालाही उतरता आलं नाही. सहाही बुडाली. परवा-परवापर्यंत ही पोरं इथे माझ्याकडून गूळ-शेंगा मागून खात होती. मला रडू आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

साहेबाला सणकून ताप आहे. संध्याकाळी मोटार त्याला सोलापूरला घेऊन गेली. जाताना त्याने माझं मनगट धरलं आणि अगदी शुद्धीवर असल्यासारखा बोलला. म्हणाला, बुडालेले डेक शोधत फिरतात, हे फळ्या धरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. ते दिवसाउजेडीच येतात. आले तर डोक्यावर फुली करायची. डेकवर कुणीच उभं नसेल तरी ते उतरतात. आणि एक जरी उतरला तरी त्याच्या मागोमाग समुद्र येतो, कारण समुद्र आपलं माणूस सोडत नाही. नवा साहेब येईपर्यंत फळ्या माझ्याकडे आहेत.

तापात माणूस काहीही बरळतो.

गुरुवार, १ मार्च

बरळत नव्हता.

भर दुपारी घरघर ऐकू आली. आज एकही विमान यायचं नव्हतं. मी फळ्या घेऊन कोपऱ्यात गेलो. विमान पट्ट्याभोवती तीनदा फिरलं. इंजिन दम लागल्यासारखं खोकत होतं, आणि आभाळात ढगाचा ठिपका नसताना पंखांतून पाणी गळत होतं. फुली करायची हे मला ठाऊक होतं. हात वर न्यायला लागलोही.

पण आम्ही लिंगायत. जेवणाच्या वेळी जंगम स्वामी भिक्षेला दारात आला तर आमच्यात त्याला पुढे जा म्हणत नाहीत. घरातलं सगळं संपलं असेल तर आपलं ताट देतात. येणाऱ्याला परत लावणं मला जन्मात जमलं नाही. त्यात ते पोरगं, माझ्या हातच्या शेंगा खाल्लेलं. मी हात आडवे धरले.

फार सुरेख उतरला. खाली उतरून रेघेवरून चालत गेला आणि रेघ संपली तिथे उभ्या शाळूत शिरला. कणसं हलली नाहीत. मी वळून पाहिलं तर विमानही नव्हतं. ओल तेवढी होती. बोट लावून चाटली. खारट.

घरी बोललो नाही. पोटुशी बाई घरात असताना भुताखेताचं नाव काढत नाहीत.

शनिवार, ३ मार्च

विहीर खारट झाली. बैल तोंड लावत नाहीत. सासरे म्हणतात, झरा फिरला असेल. पाणी दोन हात वर चढलंय, आणि हे मार्चात! गुरम्माने सकाळी विचारलं की खाट हलतेय का. मी नाही म्हणालो. हलत होती.

सोमवार, ५ मार्च

गुरम्माला लातूरला हलवायचं ठरवलं. गाडी फाटकाबाहेर गेली आणि आसापर्यंत रुतली. पाऊस नाही, पाट नाही, तरी चारी बाजूंनी चिखल. तिला आठ जणांनी उचलून परत आणलं. पोटात कळ आली होती, मग थांबली. ती रडत नव्हती, मीच रडत होतो. सगळं माझ्या दोन हातांनी केलेलं आहे.

डेकच मोडतो म्हटलं. मजूर लावून चुना खरवडला, वर नांगर फिरवला. संध्याकाळी रेघा जिथल्या तिथे होत्या. पांढऱ्या. मिठाच्या.

मंगळवार, ६ मार्च

उरलेले पाच आले. उजाडल्यापासून मावळेपर्यंत मी फुली धरून उभा होतो. ते जात नाहीत. घिरट्या घालतात, खाली येतात, फुली पाहतात, पुन्हा वर जातात. फुली दिसली की मानतात, एवढं खरं. एका विमानातल्या पोराने आज हात जोडले. मी मान फिरवली.

एकाने एवढं पाणी आणलं. पाच उतरले तर घर राहणार नाही, गुरम्मा राहणार नाही.

बुधवार, ७ मार्च

दिवसभर उभा. खांदे गेले. सासऱ्यांना फक्त चकरा मारणारी विमानं दिसतात. त्यांना वाटतं सराव चाललाय. सांगावं का? आत गुरम्मा ऐकेल — नको.

विहीर काठोकाठ.

गुरुवार, ८ मार्च, सकाळ

उजाडताच कळा सुरू झाल्या. सुईण नीलम्मा चिखल तुडवत आली. म्हणाली, मूल आडवं हाय, बाई लई घाबरलीय, तुमचं नाव घेऊन राहिली, एकदा येऊन हात धरा.

वर पाच फिरताहेत. मी जाऊ कसा —

शाळूच्या कडेला बुजगावणं होतं. उपटलं. डेकच्या कोपऱ्यात रोवलं. माझा कोट चढवला. दोन काठ्या डोक्यावर फुली करून सुतळीने आवळल्या, टोकांना फळ्या. लांब जाऊन पाहिलं.

पहिलं विमान खाली आलं. फुली पाहिली. वर गेलं!

दुसरंही. तिसरंही. मानतात! मी घराकडे पळालो.

दुपार

मुलगी झाली. दोघी जिवंत. नीलम्माने मूल आत हात घालून फिरवलं, तिचे पाय धरावेत तेवढे थोडे. पोर गुरम्मासारखी आहे, नाक तेवढं माझं. चार दिवसांत पहिल्यांदा हसलो. ती झोपलीय, माझा अंगठा मुठीत धरून. दुसऱ्या हाताने लिहितोय.

सासरे आत्ताच गूळ वाटायला आत आले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. नातीला पाहून डोळे पुसले. मग मला म्हणाले, "जावईबापू, पोरीच्या काळजीत तुमी आडाणीपना केला बगा. आसं कुटं बुजगावनं आसतंय व्हय? हात डोक्यावर बांदलेलं? पाखरू तरी भिईल का त्याला?"

म्हणाले, म्या सोडलं आन् नीट बांदलं.

मी विचारलं, नीट म्हणजे कसं —

त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. आडवे. खांद्यांच्या रेषेत. सरळ.

घरघर थांबली आहे.

एक टेकलं. ऐकू आलं.

दुसरं —

खाट कलली. पाळण्याची दोरी भिंतीला लागून परत येतेय. सासरे विचारताहेत, काय झालं, म्या काय केलं. काय सांगू त्यांना —

तिसरं. चौथं.

दार उघडत नाही. बाहेरून दाबलं जातंय. फटीतून पाणी. सासरे आणि नीलम्मा खांदा लावताहेत. पोर माझ्या छातीशी, गुरम्मा हाक मारतेय. ही वही वर आढ्यात खुपसतो. ज्याला सापडेल त्याने आधी डेकवर जावं, काही विचारू नये, कोपऱ्यातल्या त्या बुजगावण्याचे हात