सरळ रेषेत सहाशे बारा किलोमीटर

प्रिय धाकटे,

तुझं गाव आणि आपलं गाव यांच्यात किती अंतर आहे, सांग बघू? मलाही सांगता येत नव्हतं, आणि मी विमानतळावर सामान तोलायला बसते! इतक्या वर्षांत माझ्या खिडकीशी कुणी तुझ्या गावचं तिकीट मागितलंच नाही. मागणार तरी कसं? आधी मोठ्या शहरापर्यंत उलटं जायचं, एक रात्र तिथल्या बाकावर काढायची, पुढे आणखी दोन विमानं. खुबा मोडल्यापासून आईला हे झेपणारं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून तुझं नाव निघालं की ती उठून कपाट आवरायला लागते.

परवा खिडकीवर कुणी नव्हतं म्हणून सहज संगणकावर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. सरळ रेषेत सहाशे बारा किलोमीटर. विमानाला सव्वा तास! मी दोनदा वाचलं. घरी येऊन आईला सांगून टाकलं, आणि तिथेच घोळ केला. तिने त्याच संध्याकाळी चपला पुसून दाराशी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी घुम्याला गाठलं. घुम्या म्हणजे आमच्याकडच्या छोट्या विमानाचा वैमानिक. दिवसाला चार वाक्यं बोलला तरी खूप. तो चक्क हसला. म्हणाला, "ताई, सव्वा तास मोठ्या जेटला लागतो. ते तिथल्या धावपट्टीवर उतरलं तर शेपूट समुद्रात राहील." त्याच्या विमानाला जाताना अडीच तास, येताना तीनच्या वर. अंतर तेवढंच, मग येताना जास्त का? दिवसभर मला तेच कोडं. वारा, म्हणे. जाताना पाठीशी, येताना तोंडावर. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मला जातानाच बसव की!"

पण अडीच तास तिला बसवेल का? म्हणून घरीच तालीम केली. खिडकीशी लाकडी खुर्ची, कमरेला माझा पट्टा, आणि गजर. मध्येच मी चहा विचारला तर माझ्यावरच खेकसली, "तुझ्या त्या विमानात संडास आहे का? नाही ना? मग चहा कसला पाजतेस!" शेजारीण डोकावली आणि घाबरलीच, आजींना बांधून का ठेवलंय म्हणून. आई म्हणाली, "उडतेय मी. नंतर ये." गजर वाजला तेव्हा तिचे पाय आखडले होते, ओठ पांढरे पडले होते, पण चेहरा उजळला होता. मी पट्टा सोडला आणि चहा ठेवला.

घुम्या पुढच्या महिन्यात तुझ्या दवाखान्याची औषधं घेऊन येतोय. तुमच्याकडे इंधन मिळत नाही, तेव्हा परतीचंही इथूनच भरून न्यायचं. पेट्या, इंधन, आणि वर एकच माणूस, तेही हलकं. त्यामुळे मी येत नाहीये. आईला मीच काट्यावर उभं केलं. तू तेवढी धावपट्टीवरून गाडी फिरवून बकऱ्या हाकलून ठेव, आणि वारा कुठून आहे ते कळायला काठीला एक कापड बांध. त्याशिवाय तो उतरायचा नाही.

हे सगळं फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर आई शेजारीच असते, आणि पुढचं तिच्यासमोर बोलायचं नाही. ती म्हणते, आठ दिवसांसाठी जातेय. काल तिची पिशवी तोलली, जड लागली, म्हणून उघडली. स्वेटर, लोकरी मोजे, बाबांचा फोटो, उशीचा अभ्रा. आणि अजून तर ऐन उन्हाळा चाललाय. मी सगळं होतं तसं परत ठेवलं. वजन बसावं म्हणून मी तुझ्यासाठी दिलेली पुस्तकं तेवढी बाहेर काढली. परत कधी जायचं, असं तिला विचारू नकोस. मीही विचारलेलं नाही. आठ दिवसांनी घुम्या उरलेल्या पेट्या घेऊन येईल, तेव्हा त्याला एकट्यालाच परत पाठव. मी इथे विमान उतरताना बघेन, आणि खिडकीवर कामाला बसेन.

तुझीच,
ताई