यमूने सोपं केलेलं वाक्य

जठारपेठ, अकोला. पौष वद्य पंचमी, शनिवार.

यमूला आज इंग्रजीचा नवा धडा दिला. अवघड वाक्य सोपं करून परत सांगायचं तर आधी ‘इन अदर वर्ड्स’ म्हणायचं, अगदी थोडक्यात सांगायचं तर ‘इन शॉर्ट’. शाळेत मुलांकडून हे आठवडाभर घोकून घ्यावं लागतं. माझी ही विधवा धाकटी बहीण तुरीच्या शेंगा सोलता सोलता शिकली.

म्हटलं, एखादं वाक्य घे आणि करून दाखव. तिने माझंच घेतलं. सकाळी तिने विचारलं होतं, "दादा, मले अमरावतीले मास्तरणीच्या ट्रेनिंगले पाठवता का?" मी म्हणालो होतो, घराचं, लोकांचं सगळं पाहून सवडीने विचार करू.

शेंगा सोलतच ती म्हणाली, "इन अदर वर्ड्स, यू विल नॉट सेंड मी. इन शॉर्ट, नो." मग वर पाहून, "बरोबर आहे का जी, दादा? का अजून सोपं करू?"

चिडून बोलली असती तर मलाही चिडता आलं असतं. ती खरंच विचारत होती. मास्तर माणूस मी, बरोबर उत्तराला चूक कसं म्हणायचं?

शेंगा संपल्या तरी ती उठेना.

उत्तर चुकलं, म्हणालो. आता सोमवारी तिला अमरावतीला नेऊन ते चूक ठरवायला हवं.