आईला ही कादंबरी चालेल का?

३ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तू आईसाठी धाडलेलं पुस्तक नेहमीसारखं माझ्या बाइंडिंगच्या दुकानात आलं. अजून घरी नेलेलं नाही. लढाईची कादंबरी, आणि आईला? तिला चोऱ्यामाऱ्या, गुप्तहेर, फार तर एखादं प्रेमप्रकरण लागतं. शिवाय ती आधी शेवटचं पान वाचते आणि शेवट पटला तरच पुस्तक हातात धरते. म्हणून मीही तेच केलं. लढाईत बेपत्ता झालेला नवरा शेवटच्या पानावर दारात येऊन उभा राहतो!

आपले बाबा लढाईत बेपत्ता झाले त्याला पंधरा वर्षं झाली. आता कुठे घड्याळवाल्या काकांनी आईला लग्नाचं विचारलंय आणि ती विचार करतेय. नेमकं आत्ताच हे पुस्तक? तू बाबांची लाडकी. तुला हे लग्न नकोय, म्हणून हा डाव टाकलास ना? खरं काय ते कळव. माया आहेच, पण आधी उत्तर हवं.

तुझा,
दादा


९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वा रे वा! जुन्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी करते म्हणून मी प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचते, असं तुला कुणी सांगितलं? गिऱ्हाइकं वाचू देतात होय! माझं निम्मंच झालंय. त्यात वेढा पडलेल्या शहरात पॅराशूट शिवणारी एक बाई आहे, आईसारखीच हट्टी. तिच्या शिवणखोलीत कुणीतरी फितूर आहे. तो कोण, याचा मला पत्ता लागला नाही. आई असल्या भानगडींत रमते, म्हणून पाठवलं. बस.

आता मी विचारते. तू ते दाबून का ठेवलंस? आईला एकदाचं उजवून मोकळं व्हायची तुलाच घाई झालेली दिसते! आणि ते पान कापू नकोस. तुझी सुरी मला माहीत आहे.

लग्न मला हवं की नको, हे माझं मलाच कळत नाही रे. बाबा खरंच आले तर त्यांनी कुणाच्या दारात उभं राहायचं, एवढंच सारखं मनात येतं.

राग मानलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
टिटवी


१४ जून

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

पान कापलं. आधीचं पान ती बाई मशीन झाकून घरी जाते तिथे संपतं, तेवढा शेवट कुणालाही पुरे. मागे कोरा कागद असा बसवलाय, की छापणाऱ्यालाही कळणार नाही. पुस्तक घरी नेऊन दिलं, आईने शेवट उघडला. तेव्हापासून माझ्याकडे तिरकं बघते. काल काका वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी घेऊन आले आणि मला पाहताच दोघंही गप्प झाली. तूच तिचे कान भरलेस ना?

तुझा (तूर्तास),
दादा


२१ जून

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दादा समोरच बसलाय. हे पत्र त्याला वाचून दाखवूनच पाकिटात घालणार आहे.

पोटच्या पोराचं काम मला ओळखू येणार नाही? जुन्या पुस्तकाला मागे पांढराशुभ्र कागद! मी काकांकरवी वाचनालयातली प्रत मागवली. तो नवरा परत आला ते वाचलं आणि ढसाढसा रडले. मग डोळे पुसले आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. झकास आहे कादंबरी! फितूर कोण ते सांगणार नाही, तुझं तू वाच. मला काय झेपेल, हे तुम्ही दोघं कोण ठरवणार गं? ते पान दादाकडून परत शिवून घेतलंय.

तुमचे बाबा दारात येतील, असं मला कितीतरी वर्षं रोज वाटायचं. अजूनही अधूनमधून वाटतं. काल मी काकांना हे तोंडावर सांगितलं. मुलांचे बाबा आले तर मी काय करीन ते मला ठाऊक नाही, हे ऐकून घ्या आणि मग पुन्हा विचारा, असं म्हटलं. काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले की ते आले तर आधी मी त्यांना चहा करून देईन, पुढचं आपण तिघं मिळून बघू.

म्हणून मी होकार दिला.

रजा काढून ये. एकमेकांवर माया ठेवा, पहारा नको.

तुमची,
आई