दाजींच्या बॉनेटवरचं पाचट

ती. दाजी यांना धाकटा मेहुणा शंभूराज याचा वाकून नमस्कार.

तिकडे बर्फात तब्येत ठणठणीत असेल, गुडघा फार कुरकुरत नसेल आणि मेसमधल्या चपातीशी तुमचं अजून पटलं नसेल, असं धरून चालतो. इकडे आई बरी आहे, म्हस बरी आहे, ऊस तुटून गेला आहे. फोन सोडून पत्र का, असं तुमच्या मनात आलं असेल. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणत माझं बोलणं आवरतं घेता (आणि वर रेंज गेली म्हणता). पत्र मधेच तोडता येत नाही.

विषय तुमच्या जुन्या एट हंड्रेड गाडीचा. मागच्या सुट्टीत तुम्ही "भंगारात घाल" म्हणालात, मी "व्हय दाजी" म्हणालो आणि घातली नाही. आता तुम्ही फौजेतून कायमचे घरी येणार, गावच्या कमानीपासून दारापर्यंत मिरवणूक निघणार, आणि त्या मिरवणुकीत तुम्ही याच गाडीत बसावं असं मी मनाशी पक्कं केलं आहे. तरुण मंडळाच्या आप्पासोनं फुलं लावलेली उघडी जीप ठरवली आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर आपली गाडी अशी दिसायला हवी होती की जीपकडे कुणी ढुंकून बघू नये. रंग मी घरीच मारला. (शिकलो मोबाइलवर. त्यातला माणूस शिट्टी वाजवत रंगवतो, त्यामुळे सोपं वाटलं.)

त्या माणसाचं म्हणणं असं, की ओल्या रंगाचा वैरी म्हणजे धूळ, तेव्हा आधी जमीन भिजवून घ्या. मी शेडला चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद बांधला आणि आईला म्हटलं, जरा पाणी मार. पण चांगल्या कामाआधी नुसतं पाणी मारणं आईच्या तत्त्वात बसत नाही. तिनं सगळी शेड शेणानं सारवून काढली, गाडीपुढं रांगोळी घातली आणि बॉनेटला उदबत्ती ओवाळली. मीही हात जोडले. दुसऱ्या दिवशी सारवण खडखडीत वाळलं, मी कॉम्प्रेसर सुरू केला, स्प्रेगनमधून मोरपंखी रंगाचा पहिला फवारा निघाला आणि त्याच्या वाऱ्यानं सारवणातल्या काड्या, भुसा, उदबत्तीची राख, सगळं उठून गाडीवर येऊन बसलं. रांगोळी तर इतकी बारीक बसली की क्षणभर मला वाटलं, दुकानदारानं चुकून चमकीचा रंग दिला. एक काडी मी बोटानं उचलायला गेलो. (ओल्या रंगाला बोट लावू नये, हे तो माणूस अगदी शेवटी सांगतो.) काडी राहिली आणि शेजारी माझा अंगठा उमटला, तलाठी कचेरीत चालेल इतका स्वच्छ.

ते सगळं वाळू दिलं, घासून काढलं, आईला विनवणी करून शेडबाहेर बसवलं आणि दुसरा हात मारला. तो मात्र असा उतरला, की मी जागचा हललो नाही. वास जावा म्हणून प्लास्टिक थोडं वर केलं, आणि नेमकं तेव्हाच पलीकडच्या बिराप्पानं रानातलं उसाचं वाळकं पाचट पेटवलं. पाचट पेटलं की काळी काजळी कशी तरंगत सगळ्या गावावर उतरते, हे तुम्हाला सांगायला नको. मी बांधावरून ओरडत गेलो. बिराप्पा शांतपणे म्हणाला, "आरं गड्या, ऊस तुटल्यावर पाचट पेटवायचं न्हाई, तर काय त्येची पूजा घालायची?" मी आल्या बांधानं परत फिरलो.

सकाळी उन्हात बॉनेट बघायला गेलो तो रडायच्या तयारीनं. रडणं राहिलं बाजूला, मी बघतच राहिलो. जळून कोळसा झालेलं उसाचं पातं, पण त्यावरच्या शिरा जशाच्या तशा. एक चिलट, दोन्ही पंख पसरून. कुठल्या तरी सावरीचा कापूस, कुणाच्या तरी लाल साडीचा धागा, आणि आईच्या सारवणातली एक चुकार काडी. हवा रिकामी असते असं मी आजवर समजत होतो. दाजी, एवढं सगळं रोज आपल्या नाकासमोरून मुकाट जात असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. मला भीतीही वाटली आणि हात जोडावेसेही वाटले.

मग घाई केली नाही. रंग पुरता कडक होऊ दिला. बारीक पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, एकेक कण हलक्या हातानं कापत गेलो. घासलं की रंग पार मेल्यासारखा पांढुरका होतो. त्या वेळी मला माझीच दया आली. पण वरून पॉलिशची पेस्ट लावून कापडानं गोल गोल घासायला लागलो, तशी त्या धुरकटपणातून आधी शेडची तुळई वर आली, मग बाहेरची चिंच, पानापानासकट. आई बघायला आली. बॉनेटमध्ये तिला तीच दिसली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. माझ्या हातून असं काही होईल, हे आम्हा दोघांनाही खरं वाटत नव्हतं.

गाडी आता चादरीखाली आहे. थंडी सांभाळा, सुखरूप या.

तुमचा
शंभूराज

ता. क. : टपाच्या मधोमध माझा हात पोचला नाही. तिथं पाचट तसंच आहे. तुम्ही उंच आहात, तेव्हा कृपा करून टपाकडे बघू नका.

ता. क. दुसरा : मुद्द्याचं लिहायचं राहिलंच. आप्पासोच्या जीपमध्ये तुम्ही एकटे उभे राहणार, गळ्यात हार घालून. ताई ओवाळणीचं ताट घेऊन बायकांच्या घोळक्यातून मागनं चालणार. अशीच पद्धत आहे म्हणतात. इतकी वर्षं घर, रान, सासूसासऱ्यांची दुखणी तिनं एकटीनं ओढली, आणि त्या दिवशीही तिनं जीपचा धूर खात मागनं यावं, हे मला सोसवत नाही. गाडीत पुढं दोघांना शेजारी बसता येतं, एवढाच माझा हिशेब. आप्पासोला तुम्हीच फोन करून जीप नको म्हणून सांगा, माझं तो ऐकायचा नाही.

ता. क. तिसरा : ताईला मी यातलं काही बोललेलो नाही. काल ती गाडी बघायला म्हणून आली. रंगाकडे तिचं फारसं लक्ष नव्हतं. पुढं डावीकडच्या सीटवर जाऊन बसली, दार ओढून घेतलं आणि बराच वेळ काचेतून समोर बघत राहिली. मी उगाच गोठ्याकडे निघून गेलो. उतरल्यावर एवढंच म्हणाली, "हितनं म्होरलं समदं दिसतंय रं."