वजा एकशे अठ्ठावन्न

१४ एप्रिल, सोमवार. जयंती.

आजपासून गोड बंद. म्हणजे उद्यापासून. जयंतीच्या दिवशी विहारातल्या बुंदीला नाही म्हणणे बरे दिसत नाही. तीनदा घेतली, शेवटची म्हणून.

अतुलने पुण्याहून शुगर मोजायचे मशीन पाठवले आहे. रिटायरमेंटच्या मेडिकलमध्ये डॉक्टरांनी ‘जरा बॉर्डरवर’ म्हटले होते, ते सत्यशीलाने मुलाला कळवून टाकले. बायकोच्या पोटात गोष्ट राहत नाही.

मिरवणुकीनंतर देवराव भेटला. शेजारी आणि विहार कमिटीचा सेक्रेटरी. म्हणाला, बुद्ध पौर्णिमेले हेल्थ कॅम्प ठेवून राहिलो, डॉक्टरीण येनार हाय, तिच्या आधी तुमी आरोग्यावर दोन शब्द बोला ना भाऊ. मी आढेवेढे घेतले, पण फार नाही. अख्ख्या वैशाली नगरात या विषयाचा माझ्याइतका अभ्यास कोणाचा नाही. मोबाइलवर रोज जेवणानंतर व्हिडिओ बघतो. विषयही ठरवला: शुगरला घाबरू नका, समजून घ्या.

१५ एप्रिल, मंगळवार. सकाळी, उपाशीपोटी.

२३१.

मशीन खराब आहे.

सारी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मीटर आणि गेज सांभाळण्यात काढली. भट्टीचे गेज जास्त दाखवू लागले की नवे इंजिनियर भट्टीकडे धावायचे. मी चहा संपवायचो आणि म्हणायचो, आधी मीटर तपासा, मग भट्टी. बहुतेक वेळा मीटरच निघायचे. हे माझे वाक्य प्लांटमध्ये अजून बोलले जाते असे ऐकतो.

१६ एप्रिल, बुधवार.

आज कॅलिब्रेशन केले. पद्धत सोपी आहे. ज्याची किंमत आधीच माहीत आहे, अशा वस्तूवर मीटर लावायचे. ती वस्तू म्हणजे स्टँडर्ड. जितका फरक येईल, तितकी मीटरची चूक.

घरात स्टँडर्ड एकच, सत्यशीला. बिनसाखरेचा चहा पिते. दिवसभर पायावर असते. अतुल आणि खुशबू, या दोन मुलांच्या बाळंतपणाखेरीज दवाखान्याची पायरी चढलेली नाही. अशा बाईची उपाशीपोटी शुगर शंभर धरायला कोणाची हरकत नसावी. तिची होती. म्हणाली, मले कावून टोचता, शुगर तुमाले हाय. विज्ञानासाठी म्हणून समजावले.

रीडिंग २५८.

म्हणजे मशीन १५८ जास्त दाखवते. माझी खरी शुगर २३१ वजा १५८, त्र्याहत्तर. आकडा पाहून मलाच घाम फुटला. त्र्याहत्तर म्हणजे पडायला आलेली. शुगर वाढण्यापेक्षा पडणे जास्त धोक्याचे, असे एका व्हिडिओत स्पष्ट सांगितले आहे. ताबडतोब दोन पेढे घेतले. बरे वाटले.

सत्यशीला म्हणाली, मशीन खोटी कावून बोलन, तिचं का तुमच्याशी भांडन हाय. बायकांना टेक्निकल गोष्टी समजावणे अवघड असते.

प्लांटच्या शिस्तीप्रमाणे मशीनवर करेक्शनची पट्टी चिकटवली: −१५८. अक्षर छान आले आहे.

१९ एप्रिल, शनिवार.

मॉर्निंग वॉक सुरू. मैदानापर्यंत स्कूटरने जातो, ताकद वॉकसाठी राखलेली बरी. सत्यशीला मागून पायी येते. आज वाटेत दोनदा बसली म्हणे. तोवर मी मैदानाबाहेरच्या ठेल्यावर पोहा-जलेबी घेऊन तिची वाट पाहत होतो. घरी येऊन जाब विचारल्यासारखी बोलली, तुमी चालले कवा. मी म्हटले, सुरुवात हळूहळू करायची असते.

रीडिंग २४४. खरी ८६. जिलबी मानवते आहे.

२३ एप्रिल, बुधवार.

देवराव सकाळी आला, त्याचीही शुगर पाहिली. ११२. करेक्शन लावल्यावर उणे सेहेचाळीस.

असा माणूस चालतो-बोलतो कसा, हा मोठाच प्रश्न आहे. तो तर गेटपर्यंत विडी ओढत गेला. स्ट्रिपला दमटपणा लागला असावा. तरी धोका नको म्हणून रोज सकाळी मूठभर गूळ खायला सांगितला. देवराव हात जोडून म्हणाला, तुमच्यामुळं वाचलो भाऊ.

ऊन भयंकर. सत्यशीला सकाळी भरलेला माठ दुपारपर्यंत एकटी संपवते. तक्रार करत होती, रातभर उठा लागते, तोंड कोरडं पडून राहिलं. मी म्हटले, भिलाईचा एप्रिल आहे, काश्मीरचा नाही.

२७ एप्रिल, रविवार.

भाषणाचा सराव सत्यशीलासमोर. प्रास्ताविक संपायच्या आत ती बसल्या जागी झोपली. हल्ली कुठेही झोपते. भाषण मन शांत करणारे आहे, असा त्याचा अर्थ. तिथे आवाज थोडा चढवावा लागेल.

तिच्या टाचेला चपलेने लागले होते, ते अजून भरले नाही. चप्पल बदल म्हटले. हळद लावते आहे.

१ मे, गुरुवार.

नाश्त्याला बासी सुरू केली. रात्रीचा भात पाण्यात, वर कांदा, मीठ, लोणचे. छत्तीसगढचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शोध आहे, उन्हाळ्यात याच्यासारखे औषध नाही. फक्त एक वाटी खायची. वाटी मोठी आहे.

खुशबूचा रायपूरहून फोन. आमची मुलगी घरची भाषा सोडून निम्मे हिंदीत बोलते. व्हिडिओ कॉलवर आईला पाहून म्हणाली, पापा, मम्मी कितनी दुबली हो गई, तिची टेस्ट करवा लो ना. मी सांगितले, तिची टेस्ट झाली आहे, तिच्यावरच तर सगळे मशीन सेट केले आहे. खुशबू म्हणाली, मतलब? समजावले तर फोन कट झाला. नेटवर्क.

६ मे, मंगळवार.

सत्यशीलाने सगळे ब्लाउज आत घ्यायला काढले आहेत. सगळे ढगळ झाले. माझ्या प्रोग्रॅमचा एवढ्या लवकर रिझल्ट येईल असे वाटले नव्हते. भाषणात तिचे उदाहरण द्यायचे ठरवले. माझे वजन थोडे वाढले आहे. स्नायू जड असतात.

ब्लाउज शिवताना तिला सुईत दोरा ओवता येईना. मी ओवून दिला. चष्म्याचा नंबर पाहू पुढच्या महिन्यात.

आज रीडिंग २६२, खरी १०४. आमरस सुरू असून १०४. हा आकडा फ्रेम करून लावण्यासारखा आहे.

११ मे, रविवार.

भाषण पाठ. शेवटी प्रात्यक्षिक करणार आहे. घरच्या मशीनवर आंधळा विश्वास कसा ठेवू नये, हे लोकांसमोर सिद्ध करायचे. डॉक्टरीणबाईंचे मशीन एकीकडे, माझे पट्टीवाले दुसरीकडे, मधे सत्यशीलाचे एकच बोट. त्यांचे शंभर दाखवेल, माझे दोनशे अठ्ठावन्न. टाळ्या इथेच पडतील.

सत्यशीला म्हणते, मी नाई येत, पाय दुखून राहिला. समजूत घातली. स्टँडर्डशिवाय प्रात्यक्षिक कसे होणार.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा. संध्याकाळी.

वंदना झाली. खीर झाली. भाषण चांगले झाले. प्रोग्रॅमचा रिझल्ट म्हणून सत्यशीलाला उभे केले, लोकांनी तिच्याकडे पाहून माना डोलावल्या. मग प्रात्यक्षिक.

डॉक्टरीणबाईंच्या मशीनवर २९६. माझ्या मशीनवर २९१.

मी म्हटले, तुमचेही मशीन खराब आहे. त्यांनी तिसरे मशीन काढले. त्यावर २९३.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलेच नाही. सत्यशीलाला विचारले, अम्मा, कब से है शुगर? सत्यशीलाने माझ्याकडे बोट दाखवले. म्हणाली, मले नाई, याहीले हाय. तेच टोचलेले बोट, त्यावर अजून थेंब होता.

तिची चप्पल काढायला लावली. टाच पाहून डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. मग तहान, रात्रीचे उठणे, वजन, धूसर दिसणे, एकेक विचारत गेल्या. सत्यशीला हो हो म्हणत गेली. सगळ्यांची उत्तरे मलाही येत होती.

एवढ्यात देवरावने सगळ्यांदेखत विचारले, मंग भाऊ, माझी मायनस सेहेचाळीस होती ते काय होतं? तो अजून गूळ खातो आहे. लोक हसले. मी पण हसलो, बहुतेक.

मला लगेच घरी यावेसे वाटले. डॉक्टरीणबाईंनी सोडले नाही, माझेही बोट टोचले. आकडा लिहीत नाही. खीर खाल्ली होती.

१३ मे, मंगळवार. दुपारी.

सकाळी सत्यशीलाला दवाखान्यात नेले. गोळ्या सुरू. टाचेचे ड्रेसिंग रोज. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, अजून महिनाभर असेच गेले असते तर पायाचे काही सांगता आले नसते. वेळेवर म्हणाले, तेव्हा सत्यशीलाने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

रिक्षात मी विचारले, इतके होत होते तर बोलली का नाहीस. म्हणाली, बोलली ना, तुमी भाषन पाठ करून राहिले होते.

घरी येऊन ही वही मागे चाळली. १६ एप्रिल. २५८. माझ्याच अक्षरात. तिची शुगर मला महिन्याभरापासून माहीत होती. मी ती माझ्या शुगरमधून वजा करत होतो.

खुशबूचा फोन आला. या वेळी नेटवर्क चांगले होते. बराच वेळ ऐकून घेतले.

१४ मे, बुधवार. सकाळी, उपाशीपोटी.

सत्यशीलाने नखाने खरवडून मशीनवरची पट्टी काढली. डिंक निघेना, तर खोबरेल लावून काढला. मग सुई हातात घेतली आणि म्हणाली, आज पयले तुमी.

टोचले. जरा जास्तच खोल.

सत्यशीला २४३.

मी २५२. वजा काही नाही.